रुग्णसेवेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे



आपल्या पिंपरीतील संत तुकाराम नगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आपणा सर्वांना ठाऊक आहे. घरातले कोणी ना कोणी तिथे कधी तरी दाखल झालेले असतेच. कुणाचा कंपनीत हात मशीनमध्ये सापडला, कुणाचे बाळंतपण झाले, कुणाच्या आजोबांना रात्री धाप लागली. डॉक्टर येतात, तपासून पुढे जातात. पण रात्रभर सलाइनच्या थेंबांकडे लक्ष ठेवणारी, ताप मोजून तक्त्यावर लिहिणारी, घाबरलेल्या रुग्णाला धीर देणारी ती सिस्टरच असते. बरे होऊन घरी परतल्यावर आपण तिला मनापासून दुवा देतो.

ज्यांचे नाव या रुग्णालयाला दिलेले आहे, ते यशवंतराव १९१३ साली सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या खेड्यात जन्मले. त्याच देवराष्ट्रे गावात त्यांच्या आधी ५१ वर्षे, २५ जानेवारी १८६२ रोजी, कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली होती. तिचे नाव यमुना. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाली. काही वर्षांपूर्वी दूरदर्शनसंचावर त्यांच्या बालपणाची आणि संसाराची मालिका लागत असे. ती आपल्यापैकी अनेक घरांत पाहिली गेली असेल. पण मालिका संपली तरी रमाबाईंच्या आयुष्यातील मोठे काम सांगायचे उरलेच. वॉर्डातील ती सिस्टर ज्या वाटेने आली, ती वाट पुण्यातील सामान्य घरांतल्या बायकांसाठी मोकळी करण्यात रमाबाईंचा वाटा फार मोठा आहे. आज त्यांचे चरित्र मी तुम्हांला सांगणार आहे, आणि त्याला एक कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी मला भेटायला आली. दहावीला ती माझ्या वर्गात होती. बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिला नर्सिंगला जायचे होते. घरून परवानगी नव्हती, म्हणून मी अब्बांना समजवावे अशी तिची विनंती होती. अब्बा चाकणच्या एका कारखान्यात कामाला. पहिली पाळी संपवून, कंपनीच्या गणवेशातच ते मला भेटले. माणूस सज्जन, मुलीच्या शिक्षणाचा हौशी. पण नर्सिंगचे नाव काढताच त्यांचा चेहरा पडला. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांचे अंग पुसावे लागते, होस्टेलवर कोण कसे असेल कोण जाणे, आणि उद्या स्थळे सांगून येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना अर्धा तास रुग्णसेवेचे महत्त्व पटवून दिले. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि विचार करतो म्हणून गेले. त्या विचारात अर्जाची मुदत निघून गेली. माझे कुठे चुकले, हे मला पुढे रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचताना उमगले. म्हणून तुम्हीही ते लक्षपूर्वक वाचावे.

बालपण, विवाह आणि पाटी-पेन्सिल

त्या काळी मुलीने अक्षर गिरवले तर घरावर संकट येते, अशी समजूत होती. त्यामुळे यमुना निरक्षरच राहिली. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. न्यायमूर्ती म्हणून ज्यांना आपण ओळखतो तेच हे रानडे. तेव्हा ते ३१ वर्षांचे, विधुर आणि सरकारी न्यायाधीश होते. ते विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते. त्यामुळे आता ते एखाद्या विधवेशीच विवाह करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आली. याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती अवाजवी होती असे म्हणता येणार नाही. थोर माणसेही चुकतात. चुकल्यावर ती काय करतात, हे पाहण्यासारखे असते.

रानड्यांनी लग्नानंतर लगेचच पत्नीला शिकवायला घेतले. दिवसा कचेरी आणि रात्री पाटी-पेन्सिल, असा क्रम सुरू झाला. मराठी लिहिता-वाचता आले, मग इंग्रजीचा प्रारंभ झाला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच आवडत नव्हते. टोमणे, अबोला, कामाचा जास्तीचा भार, हे सारे त्या लहान वयात रमाबाईंच्या वाट्याला आले. उलट उत्तर द्यायचे नाही आणि पुस्तकही सोडायचे नाही, असा मार्ग त्यांनी धरला. घरातल्या माणसांचे मन न दुखवता आपले पाऊल मागे न घेण्याची ही सवय त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची खटपट चालू होती. त्या प्रसंगी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजीत भाषण वाचले. लग्नाच्या वेळी ज्या मुलीला अक्षर ओळखता येत नव्हते, तिची ही प्रगती. १८८४ साली ती शाळा सुरू झाली. हुजूरपागा या नावाने ती आजही पुण्यात उभी आहे.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी स्त्रियांचा क्लब चालवला. शिवण, भाषा, प्रथमोपचार अशा विषयांचे वर्ग घेतले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाईंचे वय तेव्हा ३९ पुरे व्हायचे होते. पदरी मूलबाळ नव्हते. त्या पुण्याला परतल्या आणि बराच काळ घराबाहेरही पडल्या नाहीत.

तुरुंग आणि ससून

वाचकहो, रमाबाईंच्या आयुष्याला पुढे जे वळण मिळाले, ते एखाद्या व्यासपीठावरून मिळालेले नाही. दुःखातून सावरल्यावर त्या प्रथम येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. त्यांच्याजवळ बसावे, त्यांची गाऱ्हाणी ऐकावीत, चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवाव्यात, असा नेम त्यांनी ठेवला. त्यानंतर त्या ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. फळे, फुले, पुस्तके घेऊन त्या खाटेखाटेशी थांबत.

हे ससून रुग्णालय बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले आणि १८६७ साली लोकांसाठी खुले झाले. पण चाळीस वर्षे उलटूनही पुण्यातील घरंदाज बायका तिथे जायला भीत असत. १८९७ च्या प्लेगमध्ये घरोघर झडत्या घेऊन माणसांना जबरदस्तीने रुग्णालयात नेले गेले. त्याची धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. शिवाय शुश्रूषा करणाऱ्या नर्स बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती. त्या आपले काम निष्ठेने करीत. पण खेड्यातून आलेल्या बाईला आपले दुखणे आपल्या बोलीत कुणाजवळ सांगावे, हा प्रश्न पडे. आपल्या घरांतील मुलींनी आणि विधवांनी हे काम का शिकू नये, हा विचार इथून पुढे मूळ धरू शकला, कारण रमाबाईंनी वॉर्ड आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

सेवासदन

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ आणि दयाराम गिदुमल हे सिंधी गृहस्थ यांनी सेवासदन ही संस्था काढली. अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात रमाबाईंचे मोठे सहकारी होते. संस्थेला जागा हवी होती, तेव्हा रमाबाईंनी रानड्यांचा राहता वाडाच मोकळा करून दिला. शिवणाचे वर्ग, प्रौढ स्त्रियांसाठी लेखन-वाचनाचे वर्ग, शिक्षिका तयार करण्याचे वर्ग असे एकेक काम वाढत गेले. जात आणि धर्म कोणता, हे दारात विचारायचे नाही, असा संस्थेचा बाणा होता.

त्यानंतर ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांच्या शिक्षणाचे काम सेवासदनाने हाती घेतले. आज हे वाक्य लिहायला एक ओळ पुरते. त्या वेळी त्याचा अर्थ काय होता, तो जरा ध्यानात घ्या. नर्सचे काम म्हणजे कोणत्याही जातीच्या माणसाला शिवायचे, जखमा धुवायच्या, मलमूत्राची भांडी उचलायची, पुरुष रुग्णांची सेवा करायची आणि रात्री घराबाहेर राहायचे. ज्या समाजात विधवेने माजघराबाहेर येऊ नये असा दंडक, तिथे हे ऐकून लोकांच्या अंगावर काटा येई. चाकणहून पाळी करून आलेल्या त्या पालकाने मला जी कारणे सांगितली, नेमकी तीच कारणे शंभर वर्षांपूर्वी पुण्यातील पेठांमधून रमाबाईंना ऐकावी लागली. हे आक्षेप एखाद्याच जमातीचे किंवा एखाद्याच काळाचे नव्हेत, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

मग रमाबाईंनी काय केले? त्यांनी आईबापांच्या भीतीला वेडेपणा म्हटले नाही. मुलगी परक्या जागी जाणार, तर तिची काळजी घेणारे कोण, हा प्रश्न खरा आहे, हे त्यांनी मान्य केले आणि त्या प्रश्नाचे उत्तर उभे केले. शिकणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह, त्यावर जबाबदार बाईंची देखरेख, राहण्या-जेवण्याची आणि येण्याजाण्याची शिस्त, ही सारी व्यवस्था संस्थेने आपल्या शिरावर घेतली. आणि त्या साऱ्यामागे रमाबाईंचे स्वतःचे नाव होते. न्यायमूर्तींच्या पत्नीच्या छत्राखाली आपली मुलगी, बहीण किंवा विधवा सून राहते आहे, म्हटल्यावर घरच्या माणसांना धीर आला. ज्या बाईचे घरात कुणी ऐकून घेत नव्हते, ती शिकून पगार मिळवू लागली, म्हाताऱ्या आईला आणि मुलांना पोसू लागली. एकीचे पाहून दुसरी आली.

एकदा सेवासदनाच्या वार्षिक समारंभात एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यासाठी मंचावर आली. साधे लुगडे, डोक्यावरून पदर. सज्जात बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिला पाहून गलका केला, पाय घासले, टर उडवली. नेहमी शांत असणाऱ्या रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या मुलांना कडक शब्दांत खडसावले. तुम्हांला सुशिक्षित कोणी म्हणावे, तुमच्या स्वतःच्या घरात अशी एखादी दुर्दैवी बहीण किंवा आत्या नाही काय, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते. सभागृह चिडीचूप झाले. विद्यार्थी मित्रांनो, कष्ट करून वर येणाऱ्या बाईची चेष्टा करण्याआधी हा प्रसंग आठवा.

रमाबाईंचे काम पुण्याच्या वेशीशी थांबले नाही. आपल्या शेजारच्या आळंदीला यात्रेच्या वेळी त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन जात आणि गर्दीत आलेल्या वारकरी बायकांना मदत करीत. १९१० साली त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याला फार मानाचे स्थान आहे. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, यासाठीही त्या अखेरच्या वर्षांत झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

जगाच्या पाठीवर

हा अनुभव एकट्या पुण्याचा नाही. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचारिका व्हायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या श्रीमंत घराण्याने कडाडून विरोध केला होता. कारण तिथेही हे काम कुलीन मुलींचे मानले जात नव्हते. क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी केलेली सेवा जगप्रसिद्ध आहे. परंतु त्यांचे टिकून राहिलेले काम म्हणजे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघालेली परिचारिकांची शाळा. त्या शाळेतही शिकणाऱ्या मुलींसाठी राहण्याचे वेगळे घर आणि त्यावर देखरेख करणारी जबाबदार बाई, ही योजना पहिल्यापासून होती. तिथून शिकलेल्या परिचारिका देशोदेशी गेल्या आणि त्यांनी नव्या शाळा काढल्या.

आणि आपल्याला तर याहून फार जुने उदाहरण ठाऊक असायला हवे. मदीनेत हजरत रुफैदा अल्-अस्लमिया या वैद्यकी जाणणाऱ्या बाई होत्या. वडिलांकडून त्या ही विद्या शिकल्या असे सांगतात. खंदकाच्या लढाईत, इ. स. ६२७ साली, जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआझ यांना त्यांच्याच तंबूत ठेवण्यात आले होते, आणि तो तंबू प्रेषितांच्या मशिदीत उभारलेला होता. तो कुठे होता, हे विसरू नका. सेवा करणाऱ्या त्या बाईला समाजाने आपल्या सर्वांत पवित्र जागेत स्थान दिले होते.

आपण काय करावे

पालकहो, २०२० साली कोरोनाची साथ आली. त्या वर्षी जगाने नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे झाली म्हणून परिचारिकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळायचे ठरवले होते, आणि त्याच वर्षी परिचारिकांची खरी किंमत जगाला कळली. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या, त्याच हातांनी आपण मुलीच्या अर्जावर सही करायला कचरतो, याचा आपण शांतपणे विचार केला पाहिजे.

हा अभ्यासक्रम आता सर्वत्र मान्य झालेला आहे. बारावीनंतर तीन वर्षांचा जी. एन. एम. किंवा शास्त्र शाखेत जीवशास्त्र घेतलेल्या मुलींसाठी चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंगची पदवी, असे मार्ग आहेत. पुढे एम. एस्सी. करून प्राध्यापक होता येते, संशोधन करता येते. भारतातील परिचारिका आज आखाती देशांत, इंग्लंडमध्ये, कितीतरी ठिकाणी काम करीत आहेत. मुलांनीही हे शिक्षण घ्यावे. पुरुष परिचारकांना रुग्णालयांत चांगली मागणी असते. आपल्या पिंपरीचेच पाहा. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला साहाय्य केले होते. पेनिसिलिन आपल्या गावात तयार झाले, म्हणून पिंपरीचे नाव देशभर झाले. पण ते औषध योग्य वेळी, योग्य मात्रेत रुग्णाच्या अंगात घालणारा शिकलेला हात नसेल, तर बाटलीतले औषध बाटलीतच राहते. हात तयार करण्याचे काम शाळेचे आणि घराचे आहे.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. त्या पालकापुढे मी भाषण केले. त्यांना भाषणाची गरज नव्हती; सेवा चांगली असते हे ते जाणत होते. त्यांना वसतिगृह पाहायचे होते. तिथल्या वॉर्डन बाईंशी दोन शब्द बोलायचे होते. रात्रपाळीला जाताना मुलींना सोबत कोण असते, भेटीचे नियम काय, नमाजाला आणि रोज्याला सवड मिळते का, डोके झाकून काम करता येते का, हे विचारायचे होते. हे प्रश्न मी त्यांच्या तोंडून वदवून घेतले नाहीत. एखाद्या रविवारी त्यांना आणि अम्मींना घेऊन मी कॉलेज दाखवायला गेलो असतो, तर कदाचित सही झाली असती. ती मुलगी आज बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आनंदात आहे असे म्हणते. पण रस्त्यात रुग्णवाहिकेचा आवाज आला की ती वळून बघते, हे मी पाहिले आहे. तिची धाकटी बहीण यंदा नववीत, माझ्याच वर्गात आहे.

म्हणून आपल्या संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावी-बारावीच्या पालकांना, विशेषतः मातांना, नर्सिंगच्या एक-दोन कॉलेजांत आणि वसतिगृहांत घेऊन जावे. खर्च एका बसगाडीचा आहे. तिथे शिकणाऱ्या आपल्याच भागातील मुलींशी त्यांची भेट घालून द्यावी. जिथे व्यवस्था समाधानकारक वाटणार नाही, तिथे मुलीला पाठवू नये. जिथे वाटेल, तिथे मागे राहू नये.

आणि विद्यार्थिनींनो, घरच्यांनी प्रश्न विचारले तर रागावू नका, रडू नका. रमाबाईंनी टोमणे ऐकत ऐकत पाटी हातात धरून ठेवली. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधून आणा आणि शांतपणे अब्बांपुढे ठेवा. शिक्षक म्हणून तुमच्याबरोबर यायला मी तयार आहे. या वेळी भाषण करणार नाही. रविवारी सकाळी पिंपरीच्या बसथांब्यावर उभा राहीन.

रमाबाईंनी आपल्या घराचा दरवाजा उघडला, म्हणून कितीतरी स्त्रियांना वॉर्डाचा दरवाजा उघडता आला. तेवढे मोठे घर आपल्यापाशी नसेल. पण आपल्या मुलीचा अर्ज आणि सही करायला एक पेन प्रत्येक घरात आहे. अल्लाह आपणा सर्वांना योग्य निर्णय घेण्याची बुद्धी देवो, हीच प्रार्थना.